आठ डबे, एक कंपास आणि दिवस मावळायच्या आत

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं घ्या, एक खूळ घ्या आणि आठ-दहा वर्षं ते खूळ सोडू नका. बस्स! किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे पक्की माणसं मोजून चार होती, बाकीची येऊन-जाऊन असायची आणि खूळ असं होतं, की आम्ही रस्त्याने निघालो की वाशिमातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

खूळ काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. हातात शिवाराचा नकाशा. नकाशावर आठ खुणा. प्रत्येक खुणेच्या जागी, झाडाला नाहीतर विहिरीच्या काठाला, पत्र्याचा एक डबा टांगलेला. डब्यात लाकडी ठसा आणि शाईची चिंधी. कुठल्यात बैल, कुठल्यात चंद्र, कुठल्यात कणीस. आठही ठसे आपल्या कार्डावर उमटवून जो आधी परत येईल, तो फर्स्ट! आता म्हणे याला लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि परदेशात त्याचे क्लब आहेत. आम्ही आपलं 'डबे शोधणं' म्हणायचो आणि गाव आम्हाला 'डबेवाले' म्हणायचं.

एकोणीसशे पस्तीसच्या पुढची ही गोष्ट, थेट दुसरी मोठी लढाई संपेपर्यंतची. मी अमरावतीकडून बदलून आलेला शाळामास्तर. गावात ओळख ना पाळख. सुटीच्या दिवशी खोलीत बसून भिंत बघायची, एवढाच माझा कार्यक्रम होता. एकदा शाळेत नाना आले. मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले, उंच, काटक, कमरेत जरासे वाकलेले. म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हनतात. नकाशाच्या नकला करून देता काय?"

मी हो म्हणालो. त्या एका 'हो'वर पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

०

नानांनी तरुणपणी वाशिमचं शिवार साखळीने इंच इंच मोजलं होतं. आमचे नकाशे त्यांच्या त्या जुन्या कच्च्या नकाशांवरून काढलेले. त्यांची त्या कागदांवर इतकी श्रद्धा, की विचारू नका.

पहिल्याच शर्यतीत तिसरा डबा कोणालाच सापडला नाही. नकाशात तो नाल्याच्या पूर्वेच्या काठावर. आम्ही जाऊन बघतो तर तिथे नालाच नाही! हरभऱ्याचं शेत! सगळे परत आलो. नाना भडकले. म्हणाले, "चला, मी दाखवतो."

गेलो. नाना शेतात उभे राहिले, नकाशा बघितला, शेत बघितलं, पुन्हा नकाशा बघितला. शेतकरी जवळ आला. म्हणाला, "नाना, मागं मोठा पूर आल्ता नं, तवाच नाला सरकला तिकडं. शंभर पावलं."

"सरकला?"

"व्हय."

"कोनाले विचारून?" नाना गरजले. "जागा बदलाची होती त मोजनी खात्यात अर्ज काहून नाई केला?"

शेतकरी बिचारा हात जोडून म्हणाला, "नाना, मी सांगतो त्याले."

आणि डबा? डबा नानांनीच आदल्या संध्याकाळी गड्याकडून टांगून घेतला होता. गड्याने नकाशा बघितलाच नव्हता. तो सरळ खऱ्या नाल्यावर गेला आणि तिथे टांगून आला!

०

गोविंदराव केनवडचे शेतकरी. वाशिमात सासुरवाडी, म्हणून शर्यतीला आदल्या दिवशीच बैलगाडीने यायचे. नकाशा ते घडी करून टोपीत ठेवायचे. "डोक्यात राहाले पायजे नं," म्हणायचे. त्यांची पद्धत वेगळी होती. वाटेत भेटेल त्याला विचारायचे, "भाऊ, इकडं कुठं डबा टांगेल दिसला काय?"

आता वऱ्हाडात माणसाने माणसाला वाट विचारली की ते तेवढ्यावर थांबत नाही. कोण तुम्ही, कुठले, केनवडचे म्हणजे अमक्याचे कोण? मग बसा, पाणी घ्या, भाकर खा. एका शर्यतीत आम्ही सगळे परत येऊन दोन तास झाले, तरी गोविंदरावांचा पत्ता नाही. नाना काळजीत. शेवटी स्वारी आली. एका खांद्यावर कोहळं, दुसऱ्या हातात गुळाची ढेप, कार्डावर ठसे तीन.

"गोविंदराव, काय हे? तीनच?"

"नाना, चौथ्या डब्यापाशी एक भला मानूस भेटला. त्याची पोरगी लग्नाची. माह्या साळ्याचा पोरगा लग्नाचा." त्यांनी कोहळं खाली ठेवलं. "पुढचे डबे मंग कोन पाह्यते?"

त्या लग्नाला आम्ही सगळे जेवलो. नानांनी आहेरात एक नकाशा दिला, नवरीच्या घरून नवऱ्याच्या घरापर्यंतचा.

०

आता हिरालालबद्दल सांगायला हवं, कारण आमच्यात खरा जिवावर उदार होऊन पळायचा तो एकटा.

हिरालाल कापड दुकानदाराचा एकुलता मुलगा. पंचविशीतला, लग्न झालेला. बाराव्या वर्षापासून दुकानाच्या गादीवर बसून कापड फाडणारा. जैन घर, आणि त्याचे वडील, म्हणजे शेठजी, नियमाचे एकदम कडक. दिवस मावळल्यावर घरात कोणाच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. आमच्या या डबेवाल्या मंडळात यायची परवानगी मागायला हिरालाल मला आणि नानांना सोबत घेऊन दुकानात गेला. शेठजींनी गजाने कापड मोजणं थांबवलं नाही. मान खाली ठेवूनच म्हणाले, "जाय. पन दिवस मावळाच्या आत तुह्यं जेवन झालं पायजे. एक डाव जरी चुकला, त मंडळ बंद. मंग मले विचाराले येऊ नको."

शर्यत सुटायची दुपारी बाराला, कारण जेवल्याशिवाय नाना कोणताही सरकारी वा बिनसरकारी निर्णय घेत नसत. आठ डबे, चार-पाच कोसांची वणवण, आणि वर सूर्य. आम्हाला तो ऊन द्यायचा, हिरालालला धमकी द्यायचा!

लोक म्हणायचे, काय पळतो पोरगा, दरवेळी फर्स्ट. मी एकदा त्याला म्हणालो, "हिरालाल, एवढं कशाला? एखादा महिना नाही आलास तर काय बिघडेल?"

तो म्हणाला, "मास्तर, महिन्यातून हा एक रविवार मी कापड सोडून दुसरं कायी पाह्यतो. तुमाले नाई समजाचं."

मला समजलं होतं. भिंत बघत बसलेला माणूस मीही होतो.

०

याच हिरालालचा मुंग्यांचा किस्सा. सातवा डबा एका बाभळीवर होता. डब्यात लाल मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलेलं. आम्ही मागून येणाऱ्यांनी काय केलं असतं? डबा आपटला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, ठसा मारला असता. हिरालाल जीव कसा मारणार! त्याने डबा अलगद खाली ठेवला, खिशातला गुळाचा खडा काढून चार हातांवर ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

मी तिथे पोचलो तेव्हा मुंग्यांची रांग निम्मी निघाली होती. मी म्हणालो, "अरे, दिवस बघ! जा तू, ठसा राहू दे!"

"रांग निंघाली आहे मास्तर, मधात कसं उठू?"

बसला पठ्ठ्या. सगळ्या मुंग्या गुळाकडे गेल्या, मग ठसा मारला आणि जो सुटला तो वाऱ्यासारखा. घरी बायको दारातच ताट धरून उभी. मावळतीचं ऊन समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर. शेवटचा घास घेतला आणि शेंड्यावरून दिवस गेला! मी अजून वाटेतच होतो, हे सगळं मला त्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, "सातव्या डब्यावर येवढा टाईम काहून लागला?"

हिरालाल म्हणाला, "नाना, त्याईचं जेवन बी दिवस मावळाच्या आत व्हाले पायजे नं!"

०

माझाही एक सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर दुसऱ्यांच्याच फजित्या सांगतो.

कंपास मंडळात एकच, नानांचा, पितळी. दरवेळी एकेकाची पाळी. माझी पाळी आली तेव्हा मी तो मोठ्या ऐटीत कोटाच्या खिशात ठेवला. सुई बघायची, पावलं मोजायची, सगळं शास्त्रशुद्ध. मला जायचं होतं पश्चिमेच्या टेकडीवर. तासाभराने एक गाडीवाला जवळ थांबला. म्हणाला, "गुरुजी, शेलूबाजारले जाऊन राह्यले काय? बसा."

मी शेलूबाजारच्या रस्त्याला लागलो होतो! टेकडी माझ्या पाठीशी!

परत येऊन मी नानांपुढे कंपास आपटला. बिघडला म्हणालो. नानांनी तो हातात घेतला, सुई अगदी बरोबर. माझ्याजवळ आणला की सुई गर्रकन वळून माझ्या पोटाकडे! नानांनी माझ्या खिशात हात घातला आणि माझा लोखंडी अडकित्ता बाहेर काढला. भला थोरला, वडिलांचा. मी कंपास अडकित्त्याला चिकटवूनच हिंडत होतो.

नाना म्हणाले, "मास्तर, तुमची उत्तर दिशा सुपारी कातरून राह्यली!"

तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी माझा अडकित्ता नानांकडे जमा व्हायचा.

०

एकदा मानोऱ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने बोलावलं, म्हणून शर्यत तिकडे ठेवली. हिरालाल आला नाही. तिथून दिवसाउजेडी घर गाठणं शक्यच नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. फार वाईट वाटलं.

तिकडे एका तांड्याजवळ पाचवा डबा होता. मी पोचलो तर झाडावर डबा नाही. तांड्यातली एक म्हातारी घराबाहेर बसलेली, डबा तिच्या मांडीवर! उन्हात कोणाचा तरी विसरला म्हणून तिने सांभाळून ठेवलेला.

"माय, तो डबा माझा आहे."

"असं?" ती म्हणाली. "आत काय आहे सांग."

"लाकडी बैल. आणि शाईची चिंधी."

तिने डोळे बारीक केले. "तुह्या आंधी दोघं आले. थे बी म्हने डबा माहा. थे बी म्हने बैल!"

बघतो तर झाडामागे गोविंदराव आणि अधूनमधून आमच्यात येणारा गावचा पोस्टमन तोंडं पाडून बसलेले. तेवढ्यात आमच्यातलाच दवाखान्यातला कंपाउंडर आला. "माय, माझा डबा..."

"चौघं मिळून चोर!" म्हातारी ओरडली. तांडा गोळा झाला. आम्ही कार्डं दाखवतोय, नकाशा दाखवतोय, कोणी ऐकेना. शेवटी नाना आले. त्यांना बघून आम्हाला हायसं वाटलं. नाना पुढे झाले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, डबा माहा आहे."

म्हातारी म्हणाली, "आता हा पाचवा!"

मग सगळं उलगडल्यावर त्याच माउलीने आम्हा पाचही चोरांना ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला. निघताना डबा स्वतःच्या हाताने पुन्हा झाडाला बांधला आणि म्हणाली, "आता कोनी आलं त देऊ का नको?" तिचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची खंत आजही वाटते.

०

लढाईचे दिवस होते. हातात नकाशा घेऊन शिवारात हिंडणारा माणूस त्या दिवसांत कोणाच्याही डोळ्यांत भरायचा. एका पोलीस जमादाराने मला पकडलं. नवीन बदलून आलेला, सायकलवर.

"कायचा नकाशा हाय हा? ह्या खुना कायच्या?"

"डबे आहेत."

"डब्यात काय हाय?"

"बैल."

झालं! त्याने मला वडाखाली बसवलं, जागचं हलू नको म्हणाला, नकाशा आणि कोरं कार्ड जप्त केलं आणि टोळी पकडायला स्वतः निघाला. डबा उघडायचा, आत ठसा, पुरावा म्हणून तो कार्डावर मारायचा, पुढच्या खुणेकडे. काट्याकुट्यातून, सायकल खांद्यावर घेऊन. आठवा पुरावा गोळा करून म्होरक्याला धरायला, शर्यत जिथे संपायची त्या आखाड्याच्या मैदानावर आला. तिथे नाना घड्याळ घेऊन बसलेले.

नानांनी त्याच्या हातातून कार्ड घेतलं, ठसे मोजले, वेळ लिहिली आणि ओरडले, "जमादारसाहेब तिसरे!"

टाळ्या! सरबत! तिसऱ्या नंबराचं बक्षीस म्हणजे लाल-निळी पेन्सिल. माणूस दिलदार निघाला. त्याच पेन्सिलीने त्याने रिपोर्ट लिहिला, तो मी स्वतः वाचला आहे. 'आक्षेपार्ह काही आढळले नाही. पाचवा डबा मात्र फार आडबाजूला आहे.'

मी अजून वडाखालीच बसलो होतो, हे संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं.

०

एवढं सगळं सांगताना एक मनापासून सांगतो. त्या माणसांनी मला काय दिलं, याचा हिशेब लावता येत नाही. मी परका होतो. त्यांच्यामुळे प्रत्येक धुऱ्याबांधावर मला हाक मारणारं कोणीतरी झालं. आज नाना नाहीत, गोविंदराव नाहीत. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी कधी त्यांच्या तोंडावर बोललो नाही. तेव्हा ते ऐकूनही घेतलं नसतं कोणी. नानांनी अर्ज करायला सांगितला असता!

पण सगळ्यात जास्त आठवते ती मार्गशीर्षातली शर्यत. दिवस लहान. सहा डबे झाले होते आणि एका कोरड्या नाल्यात उतरताना माझा पाय मुरगळला. असा, की उभं राहता येईना. अर्धा तास हाका मारल्या. शेवटी काठावर हिरालालचं डोकं दिसलं. त्याचे सात ठसे झालेले. तो परतीच्या वाटेवर होता.

त्याने माझा पाय बघितला, मग सूर्य बघितला. मी म्हणालो, "तू जा. गावातून कोणाला तरी पाठव. मी बसतो इथे."

"लांडगे फिरतात इकडं."

"हिरालाल, तुझं जेवण! एकदा चुकलं की मंडळ बंद. शेठजी शब्द फिरवणार नाहीत."

"नाईच फिरवनार," तो म्हणाला. आणि खाली बसून त्याने पाठ माझ्याकडे केली. "चढा."

मी नको म्हणालो, रागावलो, शेवटी रडलोसुद्धा. तो उठेना. चढलो. तो मला पाठीवर घेऊन चालत राहिला. कापसाच्या ओळी, मग तुरीचं शेत, मग पांदण. आमची लांबलचक सावली आमच्यापुढे चालत होती आणि दर दहा पावलांना ती आणखी लांब होत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या एका पायापायी त्याचा रविवार जाणार होता, कायमचा.

आठवा डबा नेहमी एकाच जागी असायचा, गावाबाहेरच्या गाडीरस्त्यावर, विहिरीजवळच्या आंब्याला. तिथे पोचलो तेव्हा सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकायला आला होता आणि गाव अजून कोसभर लांब. हिरालालने मला खाली ठेवलं. डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "चला मास्तर, झालं आता. दम घेऊन जाऊ सावकाश."

तेवढ्यात विहिरीपलीकडून आवाज आला, "हात धू."

शेठजी! दुकानाच्या गादीवरून मी ज्यांना कधी उठलेलं बघितलं नव्हतं, ते शेठजी बांधावर उभे होते. मागे त्यांची दमणी, बैल सोडलेले, आणि म्हातारा गाडीवान महादू पाण्याचा तांब्या घेऊन.

"बाबूजी, तुमी इथं?"

"बोलत नको बसू. दिवस पाह्य."

सतरंजी अंथरलेलीच होती. शेठजींनी पितळी डबा उघडला, दोन ताटल्या काढल्या, भराभर वाढल्या. एक हिरालालपुढे ठेवली. दुसरी माझ्यापुढे सरकवली. "घ्या मास्तर. दिवसभराचे उपाशी असान."

डब्यात तिसऱ्याचं काही नव्हतं. सूर्य टेकला होता. मी म्हणालो, "आणि शेठजी, तुम्ही?"

"मी दुकानातूनच जेवून आलो," शेठजी म्हणाले आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

महादू पाणी ओतता ओतता थांबला.

"दुकानातून कवा जेवले, मालक?" तो म्हणाला. "दर शर्यतीले त आपन इथंच जेवतो. हिरालालभाऊ पळत पुढं निंघून गेले की!"